इको झाला, मग एमआरआय कशाला?

प्रश्न : आम्ही मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या गावात राहतो. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. तिला जन्मतः टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा हृदयाचा दोष होता. सव्वा वर्षाची असताना मुंबईला ऑपरेशन झालं. तेव्हापासून दर वर्षी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतो. काही त्रास नाही, सगळ्यांत मिसळून खेळते. यंदा डॉक्टरांनी इको चांगला आहे म्हणून सांगितलं आणि तरी 'आता एकदा हृदयाचा एमआरआय करा' असं लिहून दिलं. इको चांगला आहे तर एमआरआय कशाला? दीर मुंबईला असतात. ते म्हणतात, आता हृदयाचं थ्री-डी प्रिंट निघतं, एआयवर रिपोर्ट तपासून मिळतो, ते करू. ओळखीचा लॅबवाला म्हणतो, एमआरआयच्या भानगडीत पडू नका, सीटी पाच मिनिटांत होतो. सासूबाईंचं म्हणणं, 'चेडू बरा खेळता-जेवता, त्येका कित्याक मशनीत घालतास?' ऑपरेशनची फाईल तौक्ते वादळात छप्पर उडालं तेव्हा भिजली, काही कागद गेलेच. त्यात मला पुन्हा दिवस गेलेत, चौथा महिना चालू आहे. या बाळाचं कसं होईल, हाही घोर आहे. मिस्टर ट्रॉलरवर असतात, सध्या पावसाळी बंदीमुळे घरी आहेत. काय करावं?

उत्तर : ताई, तुम्ही सगळ्यांत शेवटी लिहिलेली गोष्ट सगळ्यांत घाईची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू. लेकीचा एमआरआय महिनाभर पुढे-मागे झाला तर काही बिघडत नाही. पोटातल्या बाळाची तपासणी मात्र वेळेतच व्हायला हवी.

बाळ पोटात असतानाच त्याच्या हृदयाची खास सोनोग्राफी करतात, तिला फीटल इको म्हणतात. ती साधारण १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान करून घ्यावी. तुमचा चौथा महिना चालू आहे, म्हणजे तारीख याच आठवड्यात मागून घ्या. पाचव्या महिन्यात सगळ्याच गरोदर बायकांची जी सोनोग्राफी होते तीत हृदयाचे चार कप्पे बघतात. तुमच्या बाबतीत तेवढ्यावर भागणार नाही. फॅलोमध्ये चार कप्प्यांचं चित्र पुष्कळदा अगदी सरळ दिसतं. खोट असते ती वर, जिथून दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात तिथे. ती बघायला सरावलेली नजर लागते, म्हणून ही तपासणी लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे किंवा फीटल मेडिसिनच्या डॉक्टरांकडे करायची. शहरात हल्ली फोर-डी सोनोग्राफी करून बाळाच्या चेहऱ्याचा फोटो हातात देतात. ती हौस झाली, तिचा आणि या तपासणीचा काही संबंध नाही.

घोर किती करायचा, तेही सांगते. कुठल्याही हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. आधीच्या मुलाला फॅलो असेल तर पुढच्या बाळाला हृदयदोष असण्याची शक्यता वाढून शंभरात दोन-तीन होते. म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णव घरी काहीच निघत नाही. फक्त एक गोष्ट विचारा : लेकीची '२२क्यू११' ही जनुकीय तपासणी कधी झाली होती का? फॅलो असलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरांमध्ये बाविसाव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा गळालेला सापडतो. तो गळालेला असेल आणि आई किंवा वडिलांतही तसंच असेल, तर पुढच्या बाळाचं गणित पार बदलतं, त्याच्यातही तो तुकडा गळालेला असण्याची शक्यता शंभरात पन्नास होते. रक्ताची एकच तपासणी आहे. झाली नसेल तर या फेरीत विषय काढा.

तपासणी वेळेत करण्याचं एक कारण कायद्याचं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताला परवानगी आहे. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय देतं. तुम्ही तो रस्ता धराल असं मी म्हणत नाही. फॅलो दुरुस्त होणारा दोष आहे, तुमच्या घरातच त्याचा पुरावा हुंदडतोय. पण माहिती चोविसाव्या आठवड्याच्या आधी हातात असलेली बरी, मग निर्णय काहीही होवो. दुसरं कारण जास्त कामाचं : दोष निघालाच तर बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरवता येतं. काही दोषांत बाळाला पहिल्या तासांतच औषध सुरू करावं लागतं, आणि तेव्हा भर पावसात घाटातून अ‍ॅम्ब्युलन्स न्यायची वेळ कुणावर येऊ नये.

सोनोग्राफीच्या ठिकाणी तुमच्याकडून एक फॉर्म भरून घेतील, सही घेतील. लिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे तो सगळ्यांनाच भरावा लागतो. बावरू नका, आणि मुलगा की मुलगी ते विचारू नका.

फीटल इको चांगला आला तरी बाळंतपणाच्या ठिकाणी एवढं आधीच सांगून ठेवा की बाळ २४ तासांचं झालं की पल्स ऑक्सिमीटर लावून बघा, उजव्या हाताला आणि एका पायाला. ऑक्सिजनचा आकडा दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि दोघांत ३ पेक्षा जास्त फरक नाही, तर ठीक. कोविडात घरोघरी आलेलं तेच यंत्र, फक्त बाळासाठी त्याचा चिमटा वेगळा असतो. तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि तरी पुष्कळ ठिकाणी ती होत नाही, याचा मला राग येतो.

आता लेकीकडे येऊ.

फॅलोच्या ऑपरेशनमध्ये दोन मोठी कामं करतात. दोन खालच्या कप्प्यांमधलं भोक ठिगळ लावून बंद करतात, आणि उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोकळी करतात. वाट फारच अरुंद असेल तर झडपेवरूनच चीर देऊन तिथे ठिगळ लावावं लागतं. रक्ताला रस्ता मिळतो, मूल निळं पडायचं थांबतं. पण ती झडप मग नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला फुप्फुसाकडे गेलेल्या रक्तातलं थोडं परत उजव्या कप्प्यात येतं. कप्पा वर्षानुवर्षं हे जास्तीचं रक्त झेलतो आणि हळूहळू मोठा होत जातो.

तुम्हाला नेमका प्रश्न पडला तो इथे आहे. हे चालू असताना मुलीला काहीच होत नाही. ती पळते, जेवते, दंगा करते. दहा वर्षं, पंधरा वर्षं असंच चालतं. जिना चढताना धाप लागायला लागेल तेव्हा कप्पा इतका ताणलेला असतो की नवी झडप बसवली तरी तो पूर्ववत आकाराला येत नाही. म्हणून डॉक्टर त्रास होण्याची वाट बघत नाहीत, आधीपासून कप्पा मोजत राहतात. सासूबाईंना एवढंच सांगा की नातीच्या अंगात नवं दुखणं आहे म्हणून तिला कुणी मशिनीत घालत नाही, तिचा उजवा कप्पा केवढा झालाय ते मोजायचं आहे.

मग इकोने का मोजत नाहीत? मिस्टरांना विचारा, ट्रॉलरवरचा फिशफाइंडर कसा चालतो. आवाजाची लाट खाली सोडायची, तळाला किंवा माशांच्या थव्याला आपटून ती परत येते, त्यावरून चित्र उमटतं. इको तंतोतंत तेच करतो. १९५३ साली स्वीडनमध्ये एड्लर आणि हेर्ट्झ या दोघांनी पहिल्यांदा हृदयावर हा प्रयोग केला, तेव्हा त्यांनी यंत्र आणलं होतं माल्मोच्या जहाजबांधणीच्या कारखान्यातून, धातूतल्या भेगा शोधायचं. इको स्वस्त आहे, दुखत नाही, किरण नाहीत, आणि रक्त कुठून कुठे किती जोरात जातंय ते जागच्या जागी दाखवतो. दर वर्षीच्या तपासणीला त्याच्यासारखं काही नाही, तो बंद करू नका.

पण आवाजाच्या लाटेला हाड आणि हवा आडवी येते. उजवा कप्पा छातीच्या मधल्या हाडाच्या अगदी मागे असतो, बाजूला हवेने भरलेलं फुप्फुस. ऑपरेशननंतर मधल्या व्रणाची भर. शिवाय डाव्या कप्प्याचा आकार निमुळता आणि सरळ, त्याचं माप सूत्राने काढता येतं. उजवा कप्पा डाव्याला चंद्रकोरीसारखा वेढून बसलेला, त्याला कुठलंच सूत्र धड बसत नाही. त्यामुळे इकोच्या अहवालात 'आरव्ही डायलेटेड' म्हणजे उजवा कप्पा वाढलेला, एवढंच येतं. किती मिलिलिटर, गेल्या खेपेपेक्षा किती जास्त, ते येत नाही. तुमचा इको 'चांगला' आहे याचा अर्थ भोक नीट बुजलंय, डावी बाजू उत्तम आहे, वाट मोकळी आहे. ते खरंच चांगलं आहे. त्यात उजव्या कप्प्याचं पक्कं माप नाही, इतकंच.

एमआरआयमध्ये हृदयाचे एकाखाली एक असे दहा-बारा आडवे छेद घेतात, आणि प्रत्येक छेदाची एका ठोक्यातली पंचवीस-तीस चित्रं. मग माणूस संगणकावर बसून प्रत्येक छेदात कप्प्याच्या आतल्या कडेवरून रेघ फिरवतो, एकदा कप्पा पूर्ण भरलेला असताना आणि एकदा पूर्ण आकुंचन पावलेला असताना. सगळ्या छेदांची बेरीज म्हणजे कप्प्याचं खरं आकारमान. ते मुलीच्या अंगाच्या क्षेत्रफळाने भागतात, म्हणजे वाढत्या वयातही जुना आकडा नव्याशी ताडून बघता येतो. नऊ वर्षांच्या सव्वीस-अठ्ठावीस किलोच्या मुलीचं हे क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर भरतं. समजा आकडा चौरस मीटरमागे १२० मिलिलिटर आला, तर काळजी नाही, दोन-तीन वर्षांनी परत मोजू म्हणतील. तो १५०-१६० च्या घरात जायला लागला की झडपेची चर्चा सुरू होते. दुसरा आकडा गळतीचा : फुप्फुसाकडे गेलेल्या शंभर मिलिलिटरपैकी परत किती आलं. चाळीसच्या वर असेल तर गळती मोठी समजतात. एकट्या आकड्यावर कुणी निर्णय घेत नाही. दमसास, ठोक्यांची लय, साधा ईसीजी हे सगळं बघतात. ईसीजीवरून आठवलं : त्यात क्यूआरएस नावाची एक रुंदी असते. फॅलोच्या मुलांत मोठेपणी ती १८० मिलिसेकंदांच्या वर गेली तर ठोक्यांच्या गंभीर गडबडीचा धोका वाढतो, हे १९९५ पासून माहीत आहे. इतक्या भारी यंत्रांच्या गर्दीत तो जुना कागदी ईसीजी अजून आपली जागा धरून आहे.

एमआरआयला क्ष-किरण लागत नाहीत. लागतं ते चुंबक, आणि ते जबरदस्त असतं. नेहमीचं दीड टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा तीसेक हजार पट जोरकस. म्हणून धातूची चौकशी होते. लेकीच्या छातीच्या हाडाला ऑपरेशनच्या वेळी स्टीलच्या तारा बांधल्या असतील, एक्स-रेत त्या दिसतात. त्यांनी काही धोका नाही, चित्रात तेवढ्या जागी काळा डाग पडतो. स्टेंट, कॉइल किंवा पेसमेकर काही बसवलं असेल तर मात्र आधी सांगायलाच हवं. गळ्यातला ताईत, पायांतली पैंजणं, कानातलं, केसांच्या पिना, फ्रॉकला लावलेली सेफ्टी पिन, सगळं घरीच काढून ठेवा. ताईत काढायला सासूबाई कुरकुरतील, तेवढा तास तो आजीच्या मुठीत राहू दे.

तपासणीला पाऊण तास ते तास लागतो. नऊ वर्षांच्या मुलीला सहसा भूल द्यावी लागत नाही, पण तयारी घरी करून घ्या. चटईवर उताणं निजायचं, हलायचं नाही, श्वास सोडायचा आणि मनात दहा अंक होईपर्यंत परत घ्यायचा नाही. रोज झोपायच्या आधी खेळ म्हणून करा. मशीन ठकठक, घरघर असा मोठा आवाज करतं. मोबाइलवर तो आवाज तिला आधी ऐकवून ठेवा, म्हणजे तिथे दचकणार नाही. कानात बोळे देतात. एक मोठं माणूस सोबत खोलीत थांबू शकतं, पण ते माणूस तुम्ही नको. तुम्ही गरोदर आहात. एमआरआयने बाळाला अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, तरी विनाकारण आत बसू नये हा शिरस्ता आहे. आत मिस्टर बसतील. खिशातली चाकूबिकू काढून, बरं का.

एमआरआयचं यंत्र आता पुष्कळ ठिकाणी आहे. डोकं, कणा, गुडघा तिथे उत्तम होतो. लहान मुलाच्या हृदयाचं काम वेगळं. ठोक्याशी जुळवून चित्रं घ्यावी लागतात, वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि फॅलोचं हृदय पूर्वी पाहिलेला माणूस लागतो. फोनवर सरळ विचारा : 'इथे लहान मुलांच्या हृदयाचा एमआरआय नेहमी होतो का? उजव्या कप्प्याचं आकारमान आणि झडपेची गळती आकड्यांत देता का?' समोरचा अडखळला तर पैसे वाचवा. गोव्यातलं बांबोळी किंवा कोल्हापूर तुम्हाला जवळ पडेल खरं, पण जिथे ऑपरेशन झालं तिथेच आधी चौकशी करा. पुढची दहा-पंधरा वर्षं हे आकडे एकमेकांशी ताडायचे आहेत, एकाच ठिकाणी एकाच पद्धतीने मोजलेले बरे.

लॅबवाला म्हणतो ते अर्धं खरं आहे. सीटी काही सेकंदांत होतो, चित्र अतिशय सुबक येतं, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या फांद्या आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या त्यात एमआरआयपेक्षा स्वच्छ दिसतात. पुढे कधी झडप बसवायची वेळ आली तर सीटी बहुधा सांगतीलच. पण झडपेतून किती रक्त मागे येतं ते सीटी थेट मोजत नाही, आणि त्यात क्ष-किरण असतात. आताच्या यंत्रांत लहान मुलांना किरणांची मात्रा खूप कमी देता येते, गरज असेल तेव्हा घाबरू नये. तुमच्या लेकीचं मात्र आयुष्यभर मोजमाप होणार आहे. ते दर खेपेला किरणांवर का करायचं?

आपल्याकडचा एक गैरसमजही काढून टाकते. सीटीत शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात, आणि 'कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी येतात, मग हे औषध चालणार नाही' असं मला कितीतरी बायका सांगतात. कोळंबीची, चिंबोरीची अ‍ॅलर्जी त्यांच्या मांसातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नाही. डॉक्टरांना जरूर सांगा, पण तेवढ्यावरून तपासणी रद्द करू नका. पूर्वी याच औषधाने त्रास झाला असेल तर ती गोष्ट वेगळी.

दिरांचं मन मोडायला नको, म्हणून सांगते : थ्री-डी प्रिंट खरंच काढतात. सीटी किंवा एमआरआयची मूळ चित्रं घेऊन संगणकावर हृदय वेगळं काढायचं आणि छापायचं. दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या उजव्याच कप्प्यातून निघत असतील आणि भोकातून डाव्या बाजूला बोगदा काढता येईल का हे ठरवायचं असेल, तर सर्जन असा नमुना हातात घेऊन, कापून बघतो आणि मगच ऑपरेशनला उभा राहतो. गुंतागुंतीच्या हृदयात त्याचा मोठा उपयोग आहे. तुमच्या लेकीचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि तिच्याबाबतचा प्रश्न मिलिलिटरचा आहे. आज प्रिंट काढलंत तर ते शोकेसमध्ये बसेल.

हे तंत्र तिच्या उपयोगी पडेल ते पुढे. २००० साली पॅरिसमध्ये फिलिप बोनहोफर यांनी बारा वर्षांच्या मुलाला छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालून फुप्फुसाची झडप बसवली. आता आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांतही हे होतं. मात्र ठिगळ लावलेली वाट प्रत्येकाची वेगळी असते, कुठे फुगलेली, कुठे वाकडी. झडप तिथे घट्ट बसेल की घसरेल, तिच्या दाबाने शेजारची, हृदयाला रक्त पुरवणारी नळी तर चेपणार नाही ना, हे आधी सीटीच्या चित्रांवरून संगणकात बसवून बघतात. दिरांना त्यांचा उत्साह तेव्हासाठी राखून ठेवायला सांगा.

एआयचं म्हणाल तर ते आधीच तिथे आलेलं आहे. कप्प्याच्या कडेवरून रेघ फिरवायचं जे काम मी वर सांगितलं, ते आता पुष्कळ ठिकाणी सॉफ्टवेअर आपोआप करतं आणि डॉक्टर तपासून दुरुस्त करतात. दुरुस्त करावंच लागतं, कारण ही सॉफ्टवेअरं जास्त करून सरळ हृदयांवर शिकलेली असतात आणि फॅलोच्या फुगलेल्या उजव्या कप्प्यात, ठिगळाच्या जागी, चुकतात. अहवालाचा फोटो काढून मोबाइलमधल्या एआयला विचारणं ही आणखी निराळी गोष्ट. 'रिगर्जिटेशन' म्हणजे काय ते तो समजावून सांगेल, हरकत नाही. पण त्याने हृदय बघितलेलं नसतं, फक्त कागद बघितलेला असतो. 'मुलीला झडप लागेल का' हे त्याला विचारू नका. तो ठामपणे काहीतरी सांगेल आणि तुमची रात्रीची झोप जाईल. विचारायचंच असेल तर नाव आणि रुग्णालयाचा नंबर झाकून विचारा.

आता फाईल. माझ्या मते तुमच्या घरात खरं डिजिटल काम इथे करायचं आहे.

सगळ्यांत महत्त्वाचा कागद म्हणजे ऑपरेशन नोट आणि डिस्चार्ज कार्ड. झडपेवर ठिगळ लावलं की झडप राखली, हे एका ओळीत तिथे लिहिलेलं असतं, आणि एमआरआय वाचणाऱ्याला ती ओळ हवी असते. रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या. मुलीचं नाव, ऑपरेशनचा महिना-वर्ष आणि मिळाला तर भरती नंबर. नंबर जुन्या बिलावर किंवा योजनेच्या कागदावर सापडेल. नियमाने रुग्णालयांनी भरती रुग्णांचे कागद किमान तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. तुम्हाला तीनपेक्षा जास्त वर्षं झालीत, पण मोठी रुग्णालयं पुष्कळदा त्याहून जुने कागदही ठेवतात. न विचारता गेलेच म्हणून बसू नका.

दुसरं, अहवाल वेगळा आणि चित्रं वेगळी. अहवाल म्हणजे दोन पानं. मूळ चित्रं डायकॉम नावाच्या स्वरूपात असतात, त्यांवर पुन्हा मोजमाप करता येतं. फिल्म खिडकीला धरून मोबाइलने काढलेल्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोवर कुणालाच काही मोजता येत नाही. एमआरआय झाल्यावर निघण्याआधी काउंटरवर 'डायकॉम सीडी किंवा पेन ड्राइव्ह द्या' म्हणून मागा. लिंक दिली तर ती काही दिवसांनी बंद पडते, दिरांना त्याच रात्री उतरवून घ्यायला सांगा. एक प्रत त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. आपल्या हवेत सीडीवर दोन पावसाळ्यांत बुरशी धरते, तेव्हा पेन ड्राइव्ह बरा, घट्ट झाकणाच्या डब्यात. ईसीजीचा आणि इकोच्या फोटोंचा तो गुळगुळीत कागद उष्णतेने पांढराफटक पडतो. आज दिसतोय तोवर त्याची झेरॉक्स काढा. मुलीचा आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य-ओळखीचा चौदा आकडी नंबर, काढून घेतलात तर अहवाल त्याला जोडता येतात, चांगली सोय आहे. मूळ चित्रं मात्र स्वतःकडेच हवीत.

पैशाचं थोडक्यात. तुमची लेक अठराच्या आतली आहे, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बसते. शाळेत वर्षातून एकदा जे पथक मुलं तपासायला येतं ते याचंच. त्यांची वाट बघू नका, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण नुसती बाहेरून केलेली तपासणी योजनेत बसते की नाही हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, बिल झाल्यावर नको.

मिस्टर घरी आहेत तोवर एकाच मुंबई फेरीत दोन्ही कामं उरकता येतील. आधी तुमच्या फीटल इकोची तारीख पक्की करा, मग त्याच आठवड्यात लेकीच्या एमआरआयची मागा. गाड्या सध्या पावसाळी वेळापत्रकाने धावतात, कुडाळहून निघायची वेळ बदललेली असेल, ती बघून तिकीट काढा. अहवाल आल्यावर त्यावर बोलायला पुन्हा मुंबई गाठायला हवीच असं नाही. डॉक्टरांना विचारा, व्हिडिओवर बोलू का. घरात रेंज येत नसेल तर त्या दिवशी तालुक्याला कुणाकडे तरी बसा, आणि बोलताना दोन आकडे कागदावर उतरवून घ्या : उजव्या कप्प्याचं आकारमान आणि गळतीची टक्केवारी. पुढचा एमआरआय कधी, तेही त्याच कागदावर.

सासूबाईंना देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू दे, कौल लावायचा असेल तर लावू दे. तारखा मात्र आधी घेऊन ठेवा. आणि रोज लेकीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बघायचं कुणाच्या मनात आलं, तर नको म्हणा. मेंदीच्या किंवा गार पडलेल्या बोटावर तो भलतंच दाखवतो आणि घरभर पळापळ होते. तिच्या उजव्या कप्प्याबद्दल त्याला काहीच कळत नाही.